पहाटेच्या फोटोत ठेवायच्या जागेबाबत

प्रति,
मा. क्षेत्र अधिकारी,
करंजदे नदीकाठ औद्योगिक क्षेत्र (सुरक्षा व परवाना शाखा),
ता. नवापूर, जि. नंदुरबार.

अर्जदार : इसहाक जयंत्या गावित, वय ६३, धंदा फोटोग्राफी (धनी फोटो स्टुडिओ), रा. आंबेपाडा, पो. करंजदे, ता. नवापूर.

विषय : रविवार, दि. ५ एप्रिल २०२६ रोजी पहाटे आंबेपाडा कबरस्थानातून सूर्योदयाचा सामुदायिक फोटो काढण्यास परवानगी मिळणेबाबत. परवानगी शक्य नसल्यास परिच्छेद ९ मधील पर्यायी विनंती मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) माझा जानेवारीतील अर्ज. २) आपले त्रुटीपत्र. ३) त्रुटी दूर केल्याचा माझा अर्ज. ४) दूर केलेल्या त्रुटींतील त्रुटींबाबत आपले पत्र. ५) सुरक्षा केबिनमध्ये माझ्याकडून लिहून घेतलेले हमीपत्र. ६) लिपिक गायत्री मॅडम यांनी खिडकीतून वेळोवेळी दिलेल्या तोंडी सूचना.

महोदय,

१. नमनाला घडाभर तेल घालायला वेळ राहिलेला नाही, म्हणून आधी दिवसांचे सांगतो. आज गुरुवार आहे. उद्या गुड फ्रायडेची शासकीय सुटी. परवा शनिवार, म्हणजे कार्यालय बंद. त्यानंतर रविवारी सूर्य उगवेल. तेव्हा निर्णय व्हायचा तर तो आजच, कार्यालयाला कुलूप लागण्याआधी व्हायला हवा. ज्यांच्या मरणाची सुटी उद्या आपल्या कार्यालयाला मिळणार आहे, त्यांच्याच तिसऱ्या दिवसाच्या पहाटेबद्दल हा अर्ज आहे, एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ झाले.

२. आंबेपाड्याची आमची ख्रिस्ती मंडळी ईस्टरच्या पहाटे देवळात जमत नाही, कबरस्थानात जमते. अंधार असतानाच माणसे मेणबत्त्या आणि झेंडूच्या माळा घेऊन येतात, आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, आणि पूर्वेकडे तोंड करून गातात. समोर नदी, नदीपलीकडे सूर्य. तो वर आला की पाळक योहान आशीर्वाद देतात आणि सगळी मंडळी क्षणभर सूर्याकडे पाठ करून माझ्याकडे वळते. मी कबरस्थानाच्या वरच्या अंगाला उभा असतो. तिथून एक फोटो काढतो. पुढे तो फोटो प्रत्येक घराच्या भिंतीवर लागतो. मी मिशी फुटली तेव्हापासून हे काम करीत आलो आहे. नदीपलीकडे नुसता माळ होता तेव्हाही केले, आता तिथे आपले औद्योगिक क्षेत्र आहे तरी करतो.

३. या फोटोची एक रीत आहे, तिच्यावरच हा सगळा अर्ज उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल, ते घर फोटोत त्या माणसाची जागा ठेवते. म्हणजे दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल इतके अंतर सोडायचे. तिथे कोणी उभे राहायचे नाही, लहान पोराला लोटायचे नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. हे फक्त पहिल्या ईस्टरला. पुढच्या वर्षी जागा मिटवायची आणि एकमेकांना चिकटून उभे राहायचे. आमच्या मंडळीतील सर्वांत वडील जसोदाबाई यांचे म्हणणे असे, की जागा तशाच ठेवत गेलो तर फोटोत माणसे कमी आणि फटी जास्त होतील. जित्यांनाही कुठेतरी उभे राहायचे असते. म्हणून ज्याची त्याची जागा एकदाच. ती हुकली की हुकली.

४. माझी पत्नी धनीबाई हिने या रीतीत एक आगाऊपणा चालवला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच ईस्टरपासून ती आपल्या उजव्या हाताला एक जागा मोकळी सोडून उभी राहायची. आमच्या घरात कोणी गेलेले नव्हते. जसोदाबाईंनी तिला भर मंडळीत झापले, की जित्या नवऱ्याच्या नावाने जागा ठेवतेस, हा अपशकुन आहे. धनीबाईने जे उत्तर दिले ते मावची बोलीत होते. कार्यालयाच्या सोयीसाठी त्याचा मराठी तर्जुमा देतो : "मेलेल्याची आठवण ठेवता, आणि जो तिकडे उभा राहून सगळ्यांना हसा म्हणून सांगतो तो काय वाऱ्यावर पडलाय? कॅमेरा ठेवून तो इकडे येईल तेव्हा येईल. तोवर मी जागा धरून ठेवते." तर्जुमा मीच केला असून तो खरा आहे. बोलीत ते अधिक लागते. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तशी ती माझी जागा धरायची. मी मात्र कधी तिथे पोचलो नाही. पहाटेचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो, कॅमेऱ्यामागे हात लागतो. एकदा तिच्या हट्टापायी आपोआप फोटो निघण्याचे बटण दाबून उतारावरून पळालो, तेव्हा फोटोत माझा एक पाय तेवढा आला. तो फोटो सोबत जोडलेला नाही.

५. धनीबाई गेल्या वर्षी भातलावणी संपता संपता काविळीने वारली. तिची कबर नदीच्या बाजूच्या शेवटच्या रांगेत आहे. म्हणजे येता रविवार तिचा पहिला ईस्टर, आणि फोटोतील तिच्या जागेचा हा एकमेव ईस्टर आहे. साऱ्या गावाच्या मेलेल्यांच्या जागा मी फोटोत घेतल्या. कोणाची फट झाडाआड गेली तर पुन्हा उभे करून घेतल्या. आता माझ्या घरची वेळ आली तर आपल्या क्षेत्राने काठावर फलक लावला आहे : "छायाचित्रणास सक्त मनाई". मला तिची फार आठवण येते. हे वाक्य अर्जात बसत नाही याची मला कल्पना आहे, तरी राहू द्यावे.

६. फलकाचे कारण मला ठाऊक आहे. कोणीतरी बंधाऱ्यावरच्या फेसाचा फोटो वर्तमानपत्रात दिला आणि दोन्ही काठ सुरक्षा पट्ट्यात गेले. आमचे कबरस्थान पट्ट्याबाहेर आहे, पण त्याचा उतार आणि त्यावरून दिसणारे सर्व काही पट्ट्यात आहे. मी नियम मानणारा माणूस आहे, म्हणून जानेवारीतच अर्ज केला. त्यानंतर जे झाले ते आपल्यापर्यंत पोचले नसावे, असे समजून लिहितो.

पहिल्या त्रुटीपत्रात कळवले गेले, की छायाचित्रण कार्यालयीन वेळेत आणि अधिकाऱ्यांच्या उपस्थितीतच करता येईल. मी उत्तर दिले की सूर्योदय त्या वेळेत बसत नाही आणि तसे सूर्याला कळवणे माझ्या हातात नाही. यावर "अर्जदाराची भाषा योग्य नाही" असा शेरा आला. मी माफी मागितली. मग ज्या ज्या गोष्टी फोटोत येतील त्यांच्या धारकांची ना-हरकत प्रमाणपत्रे मागवली. कबरस्थानासाठी पाळकांचे पत्र दिले, कारखान्यांकडे खेटे घालून त्यांचीही आणली. सूर्याच्या रकान्यात मी "लागू नाही" लिहिले. तिथे लाल शाईने "खुलासा करावा" असे आले. खुलासा केला. त्यानंतर विचारणा झाली, की ईस्टरची तारीख दरवर्षी वेगळी का असते आणि ती कोणत्या शासन निर्णयाने ठरते. ती चंद्रावरून ठरते, असे मी लिहिले. सूर्याच्या अर्जात चंद्र आल्याने फाइल पुन्हा वर गेली आणि बराच काळ खाली आलीच नाही.

खाली आली तेव्हा अट होती, की जो फोटो काढायचा आहे त्याचा नमुना सादर करावा. मी गेल्या वर्षीचा फोटो दिला. त्यात पलीकडच्या काठावरची नवी पाण्याची टाकी नाही, सबब नमुना ग्राह्य नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे टाकीसह ताजा नमुना द्यायचा, आणि परवानगीशिवाय तो काढायचा नाही. मी गायत्री मॅडमना विचारले, की मग करू काय. त्या मनाने चांगल्या आहेत. त्यांनी खिडकीतून इकडेतिकडे पाहून सांगितले, "काका, संध्याकाळी तुमच्या घराच्या गच्चीवरून मावळतीचा काढा ना. चढता काय नि उतरता काय, फोटोत सारखाच दिसतो. टाकीबिकी काही येणार नाही, साहेब लगेच सही करतील." त्यांचा हेतू भला होता. पण आमच्याकडे शुक्रवारच्या संध्याकाळी पुरतात आणि रविवारच्या पहाटे उठतात. या दोहोंत फरक नाही असे धरले तर आमच्या मंडळीकडे काही शिल्लक राहत नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, की नको मॅडम, चढताच बरा.

७. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मी तक्रारदार नाही. चिमणी हटवा, टाकी पाडा, असे माझे काहीही म्हणणे नाही. उलट धंद्याला जागून कबूल करतो, की चिमणी आल्यापासून फोटो सुधारला. पूर्वी सूर्य उघड्या माळावरून एकदम अंगावर यायचा आणि फोटो पांढरा पडायचा. आता चहा गाळावा तसा धूर त्याचे ऊन गाळतो. एप्रिलच्या सुरुवातीला तो चिमणी आणि आता ही नवी टाकी यांच्या बरोबर मधून वर येतो, कोळशाच्या ढिगांच्या कडा तांबड्या होतात, बंधाऱ्याचे पाणी थोडा वेळ तांब्याच्या परातीसारखे दिसते, आणि पाणी उपसणाऱ्या जॅकवेलचा पूल त्यावर काळ्या रेघेसारखा उमटतो. त्या पाण्याला वास येतो, पण फोटोत वास येत नाही. धनीबाईला ही चिमणी आवडायची नाही. मला आवडते, हे तिला मी कधी सांगितले नव्हते. आता इथे लिहितो आहे, तेवढे गोपनीय ठेवावे.

८. नमुन्याची अट पुरी करण्यासाठी मी मार्चमधील एका पहाटे कॅमेरा घेऊन उतारावर गेलो. कॅमेरा डोळ्याला लावला तोच आपले सुरक्षारक्षक रूपचंद, राहणार धानोरा, तिथे आले. त्यांनी कोणतीही अरेरावी केली नाही, हे नमूद करतो. ते म्हणाले, "बाबा, सूर्यना फोटोले कोन नही म्हनस? पन त्यामा आम्हनी चिमनी ई ऱ्हायनी ना. वरथीन हुकूम शे. मन्ही नोकरी जाई." मग मला पुलावरून केबिनमध्ये नेले, कॅमेरा कपाटात ठेवला, साहेब येईपर्यंत बसवले आणि चहा दिला. साहेब आल्यावर हमीपत्र घेऊन कॅमेरा परत मिळाला. नमुना मागितला म्हणून गेलो, गेलो म्हणून पकडलो गेलो, आणि आता "अर्जदाराने यापूर्वी विनापरवाना छायाचित्रणाचा प्रयत्न केला आहे" हे माझ्या फाइलवरचे सर्वांत ठळक वाक्य आहे, असे कळते. यावर माझी काही तक्रार नाही. तक्रार करायलाही अंगात थोडे बळ लागते.

परंतु त्या केबिनमध्ये जे दिसले ते सांगणे भाग आहे. तिथे एक पडदा आहे, त्यावर क्षेत्रातील सर्व कॅमेरे दिसतात. जॅकवेलच्या छपरावरचा कॅमेरा क्रमांक चार पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्याच्यासमोर आमचे कबरस्थान आहे. खालची पूर्ण रांग त्यात येते. मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो आणि समोर पडद्यावर माझ्या बायकोची कबर होती. खिडकीबाहेर सूर्य उगवत होता, तो मला दिसत नव्हता. पडद्यावर मात्र आधी तिच्या क्रूसाचा वरच्या टोकाकडचा भाग उजळला, मग आडवी फळी, मग मी लावलेल्या पांढऱ्या दगडांची ओळ. असा उजेड मला आयुष्यात धरता आला नाही. मी रडलो. रूपचंद त्या वेळी वहीत नोंदी करीत होते. कॅमेरा चारपुढे त्यांनी "कोणी नाही" लिहायला घेतले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तठे कोनी नही ऱ्हास, बाबा. रोज तेच लिखस मी." मी त्यांना सांगितले की तिथे माझी बायको आहे. रूपचंद यांनी पेन खाली ठेवले. त्यांनी पडदा थोडा माझ्याकडे वळवला, आणि त्या तासाचा रकाना कोरा सोडला. वहीत एक रकाना कोरा आढळला तर त्याचे कारण हे आहे. त्याबद्दल त्यांना ज्ञापन देऊ नये. दोष असेल तर माझा धरावा.

९. या सर्व पार्श्वभूमीवर मूळ परवानगी आज मिळेल, असे मला वाटत नाही. मी थकलो आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. थांबायला माझी ना नाही, पण धनीबाईची जागा पुढच्या वर्षी मिटेल. म्हणून पर्यायी विनंती अशी :

रविवारी फोटो मी काढणार नाही. कॅमेरा घरी ठेवून येईन, हवे तर आज आपल्याच कपाटात जमा करतो. फोटो आपला कॅमेरा क्रमांक चार काढील. तो अधिकृत आहे. तो पूर्वेकडे पाहत नाही, त्यामुळे चिमणी, टाकी, कोळसा, बंधाऱ्याचा फेस, यांतले काहीही त्यात येणार नाही आणि आपल्या सर्व अटी आपोआप पाळल्या जातील. सूर्यही त्यात येणार नाही. तो कॅमेऱ्याच्या पाठीमागून उगवेल आणि आमच्या तोंडांवर पडेल. सूर्य फोटोत घेण्याच्या नादात माझ्या फोटोंत माणसांची तोंडे नेहमी काळी यायची, अशी मंडळीची जुनी कुरकूर आहे. या खेपेस तीही मिटेल. यंदा मंडळीला सूर्याकडे पाठ फिरवावी लागणार नाही. गाणे संपले की जशी उभी आहे तशीच ती जॅकवेलच्या छपराकडे पाहील. मुलगी एस्तेर व्याऱ्याहून शनिवारी येत आहे; तीही असेल. आपण फक्त त्या पहाटेचे चित्रण जपून ठेवावे आणि त्यातील एक चित्र मला द्यावे. ते खराब आले तरी चालेल. फोटोग्राफर म्हणून मी कधी कोणाला असे म्हणालेलो नाही.

१०. फोटो काढण्याचे काम नसल्याने या वेळी मी स्वतः रांगेत उभा राहीन. इतकी वर्षे धरून ठेवलेल्या जागेवर मी पहिल्यांदाच जाणार आहे, त्यामुळे थोडा अवघडलेला दिसेन. मला ओळखण्याची खूण अशी : पांढरा सदरा, हातात काहीही नाही. धनीबाई माझी जागा आपल्या उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे तिची जागा माझ्या डाव्या हाताला येते. माझ्या डावीकडे एक माणूस मावेल इतकी मोकळी जागा दिसेल आणि तिच्या पलीकडे एस्तेर असेल. रविवारी पहाटे केबिनमध्ये जे कोणी ड्युटीवर असतील, त्यांना आपल्या सहीने एवढे कळवावे, की पडदा पाहून नोंद करताना कॅमेरा क्रमांक चारच्या त्या मोकळ्या जागेबद्दल "कोणी नाही" असे लिहू नये.

उजाडण्याची वाट पाहत असलेला,
आपला नम्र अर्जदार,

(सही)
इसहाक जयंत्या गावित
आंबेपाडा, दि. २ एप्रिल २०२६

सोबत :
१) पाळक योहान यांचे पत्र.
२) कारखान्यांची ना-हरकत प्रमाणपत्रे (सूर्याबाबतच्या खुलाशासह).
३) गेल्या वर्षीच्या ईस्टरचा फोटो. खालच्या रांगेत हिरव्या लुगड्यातील बाई ती धनीबाई. तिच्या उजवीकडे दिसते ती जागा माझी. फोटो पाहून झाल्यावर परत मिळावा.